बारा बाटल्या, तीन दोरे आणि माझं नाक

६ एप्रिल, रविवार. विष्णुपुरी. सकाळी ११.
उठलो. आजपासून नवीन आयुष्य.
(मागच्या महिन्यातलं नवीन आयुष्य ड्रोन शूटिंगचं होतं. ड्रोन धरणात गेल्यामुळं थांबलं. ड्रोन माझं नव्हतं, हेही एक कारण.)
लातूरहून उमाशंकरचा फोन. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला रूममेट होतो. तो दुसऱ्या वर्षात गेला, मी अनुभव घ्यायला बाहेर पडलो. आता तो औसा रोडला हॉटेल टाकून राहिला. शुद्ध शाकाहारी, पण वाईनचं लायसन्स काढलंय. तीन मेला ओपनिंग. वीस निवडक पाहुणे, जेवणासोबत एकच रेड वाईन, तीही नॅचरल. लातुरात आजवर कुणी वाढली नसेल अशी. ती निवडायला माणूस पाहिजे. निवड जमली तर तोच माणूस हॉटेलचा वाईन मॅनेजर, राहायला वरची खोली.
मी म्हणालो, माणूस तुझ्याशीच बोलून राहिला.
नाशिककडच्या एका वायनरीत मी आठ महिने काढलेत हे त्याला माहीत आहे. (अठरा दिवस. गेटवर, पार्किंगला. पण वारा गेटकडंच यायचा.)
नाही जमलं तर ५ मेपासून हदगाव, भाऊजींचं खताचं दुकान. तारीख धम्मप्रियाताईनं ठरवली. ताई नर्स आहे, वेळेवर डोस द्यायची सवय.
संकल्प: रोज दोन तास अभ्यास. जीभ स्वच्छ राहावी म्हणून तिखट पूर्ण बंद.

६ एप्रिल. रात्री ८.
मेसला शेंगदाण्याची चटणी होती. संकल्प उद्यापासून.

८ एप्रिल, मंगळवार.
अभ्यास सुरू. अकरा मिनिटांचा व्हिडिओ लावला. चार मिनिटं झाल्यावर बाजूला बोअरवेल मारायचा व्हिडिओ आला. साडेसहाशे फुटांवर पाणी लागलं. तिथं दुपार झाली.
चार मिनिटांत कळलं ते हे: जाणकार माणूस वाईन पीत नाही. तोंडात घेतो, फिरवतो, थुंकतो. हे ताईला लगेच फोन करून सांगितलं, कारण तिचा मुद्दा असा होता की रविवारी विहारात पाचवं शील मोठ्यानं म्हणणारा माणूस सोमवारी दारू कशी चाखणार. मी म्हणालो, थुंकली की शील शाबूत. ती म्हणाली, मग डोकं कुठं थुंकून आलास ते बघ आधी.
संध्याकाळी साधी रेड घेऊन धरणाकडं थुंकायच्या प्रॅक्टिसला गेलो. लोक बघतील अशी भीती होती. कुणी ढुंकून पाहिलं नाही. आमच्याकडं लाल थुंकणाऱ्याकडं बघायला कुणाला वेळ आहे? उलट एक काका शेजारी येऊन बसले, चुन्याची डबी पुढं केली अन् म्हणाले, रंग भारी चढला बाबा, पान कुठलं?
हा धंदा या मातीत चालणार.

११ एप्रिल, शुक्रवार.
उमाशंकरनं दिंडोरीकडच्या आदिनाथचा नंबर दिला. स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची नॅचरल वाईन करतो. माणूस चांगला, पण बोलतो फार. अर्धा तास सांगत होता. द्राक्षाच्या सालीवर जे यीस्ट असतं तेच काम करतं, वरून घालायचं नाही. साखर नाही, बारीक गाळणं नाही, टिकवायला घालतात ते गंधक जवळपास नाहीच. म्हणून ती गढूळ दिसते, तळाला साका बसतो, कधी जिभेवर चुरचुरते. आणि गंधक नसल्यामुळं उष्णता अजिबात सोसत नाही. थंड अंधारात उभी ठेव. हलवू नको. प्रत्येक बाटली वेगळी निघू शकते, म्हणून वास घेतल्याशिवाय कुणाच्या ग्लासात ओतू नको.
मी फोन स्पीकरवर ठेवून नखं काढत होतो. महत्त्वाचं तेवढं लिहून घेतलं: गढूळ असली की चांगली.

१४ एप्रिल, सोमवार.
जयंती. नाचलो. अभ्यास बंद.

१५ एप्रिल.
पाय बंद.

१६ एप्रिल, बुधवार. लातूर. दुपारी ३.
आलो. ४२ डिग्री. उमाशंकर स्टँडवर न्यायला आला होता. पहिलं वाक्य, आनंद्या, वाळलास रे. दुसरं वाक्य, माझ्या घरी वाईनबद्दल तोंड उघडायचं न्हाई.
म्हणजे असं, की त्याचे वडील ईश्वरप्पा, सगळे आप्पा म्हणतात, यांची मार्केट यार्डात तुरीची आडत. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, चहासुद्धा अर्धा कप. त्यांना हॉटेल शाकाहारी एवढंच माहीत आहे. बाकीचं ओपनिंगनंतर हळूहळू सांगणार आहे म्हणे.
ट्रॅव्हल्सच्या गाडीनं आदिनाथचं खोकं आलं. बारा बाटल्या. लेबल नाही, मानेला दोरे. लाल, पिवळा, हिरवा, चार-चार. कोणता दोरा म्हणजे कोणतं द्राक्ष, याची चिठ्ठी होती. रिक्षात वारं घ्यायला हातात धरली होती. ती वाऱ्यासोबत गेली. हरकत नाही. चिठ्ठी वाचून कुणीही सांगेल. मी चवीवरून सांगणार.
हॉटेलात फ्रिज यायचाय, एसीच्या जागी भिंतीला भोक आहे. थंड जागा एकच, आडतीच्या मागची दगडी खोली. घर आडतीच्या वरच. खोकं आत नेताना जिन्यात उमाशंकरची आई, दानम्माकाकू, समोर. काय आणलं रे? उमाशंकर पांढरा पडला. मी शांतपणे म्हणालो, द्राक्षासव आहे काकू. आयुर्वेदिक. ओपनिंगला पाहुण्यांना देणार.
काकू खूश. म्हणाल्या, बघ उमा, ह्याला म्हणतात संस्कार.
प्रसंगावधान हा मॅनेजरचा पहिला गुण.

१९ एप्रिल, शनिवार.
टेस्टिंग. प्रत्येक दोऱ्याची एक बाटली उघडली. अधिकृत नोंदी:
लाल: आंबट.
पिवळा: आंबट.
हिरवा: आंबट, पण वेगळ्या बाजूनं.
व्हिडिओवाले म्हणतात चामड्याचा वास ओळखायला शिका. चप्पल हुंगली. चपलेचाच वास आला. नॅचरल रेडला कधी गोठ्याचा वास येतो असंही म्हणतात. हे वाचून जीव भांड्यात पडला. हदगावात जन्मलेल्या माणसाला गोठा शिकवता? लालला गोठ्याचा वास होता. म्हैस. नोंद केली.
उमाशंकरनं विचारलं, मग कोणती? मी म्हणालो, वाईन घाईनं बोलत नाही. तो म्हणाला, तू तरी बोल की बे.

२१ एप्रिल, सोमवार.
संकट आणि सुटका, दोन्ही एकाच दिवशी.
सकाळी काकू चमचा घेऊन आडतीत उतरल्या. गुडघे लई ठणकून राहिलेत, दोन चमचे द्राक्षासव दे म्हणाल्या. त्या लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी पीत नाहीत. मी बनेल असेन, पण इतका नाही. चमचा धरलेला हात धरला आणि म्हणालो, काकू, अजून मुरलं नाही. कच्चं आहे, पोटाला बाधेल. महिना तरी जाऊ द्या.
काकू म्हणाल्या, आता बया, आधी सांगायचं न्हाई का. आणि परत गेल्या.
खोटं बोलूनही पुण्य लागतं ते असं.

२२ एप्रिल, मंगळवार.
आज निवड पक्की करायचीच असं ठरवून बाहेर पडलो. यार्डात उदगीरला निघालेला ट्रक उभा होता. ड्रायव्हर म्हणाला, येतो का, केबिनला एकटा हाय. माणूस एकटा होता, काय करणार? गेलो. निवडीला अंतर लागतंच.

२६ एप्रिल, शनिवार. लातूर.
उदगीरमार्गे बिदर झालं. आदिनाथचे सात मिसकॉल. उचलले नाहीत, माझा स्वतःचा अभ्यास बिघडला असता.
परत येऊन दगडी खोलीत गेलो. खोकं रिकामं.
काकूंना विचारलं. त्या तर शाबासकीची वाट बघत होत्या. म्हणाल्या, तूच म्हणालास ना मुरलं न्हाई? गार खोलीत कसं मुरल रे येड्या. माझ्या माहेरी निलंग्याला वैद्य आसवाचा घडा धान्याच्या राशीत पुरायचे, उबेत. मी तुरीत पुरलं. हमालाचं काम न्हाई म्हणून माझ्या हातानं.
तुरीची ती रास पत्र्याच्या शेडमध्ये आहे. दुपारी तिथं हमालसुद्धा बसत नाहीत. नऊच्या नऊ बाटल्या, चार दिवस.

२६ एप्रिल. संध्याकाळी.
आधी घाबरलो. मग अभ्यास कामाला आला. कुठल्याशा देशात वाईनचे रांजण जमिनीत पुरतात. हजारो वर्षांची पद्धत. ते माती वापरतात, आपण तूर. म्हणजे काकूंनी नकळत फार जुनी गोष्ट केली. आता मध्येच उकरून हलवणं चूक. आदिनाथच म्हणाला होता, हलवू नको.
उमाशंकरला सांगितलं, बाटल्या खास प्रोसेसमध्ये आहेत. तो म्हणाला, आनंद्या, वीस जण येऊन राहिलेत, मी सगळं तुझ्यावर टाकलंय. मी म्हणालो, टाक.

२९ एप्रिल, मंगळवार. रात्री.
नोंद ठेवली पाहिजे.
साडेअकराला आडतीत सौदा चालू. दहा-बारा व्यापारी, आप्पा मध्ये उभे. तुरीच्या त्याच राशीतून मूठ भरली, नाकाशी नेली. थांबले. पुन्हा हुंगली. एवढ्यात राशीच्या आत फट्ट आवाज झाला आणि वरची तूर वीतभर उडाली. एक व्यापारी बाहेर पळाला. मग दुसरं फट्ट. राशीच्या पोटातून लाल पाणी फरशीवर आलं. हमाल ओरडला, मालक, तुरीला रगत फुटलं!
आप्पांनी सौदा थांबवला. स्वतः बसून हातानं तूर उकरली. नऊ बाटल्या ओळीनं मांडल्या, दोन बिनबुचाच्या, आत निम्म्याहून कमी. काकू जिन्यातून म्हणाल्या, द्राक्षासव हाय ते, मुरायला घातलंय. आप्पा म्हणाले, दानू, तू वर जा.
मग उमाशंकरकडं बघून म्हणाले, चाळीस साल झाले माल हुंगून. आसवात धायटीची फुलं असतात. ह्यात न्हाईत. ही दारू हाय. कुणाची?
उमाशंकरनं खाली मान घालून सगळं सांगितलं. हॉटेल, लायसन्स, तीन मे. आप्पांच्या कपाळावरचं भस्म आठ्यांत मोडलं. वातावरण हलकं करावं म्हणून मी मध्ये पडलो. म्हणालो, आप्पा, ही पूर्ण शाकाहारी आहे. दुसरे लोक वाईन निवळायला अंड्याचा पांढरा बलक घालतात, ह्यात तोसुद्धा नाही.
हे बोलायला नको होतं असं आता वाटतं.
आप्पांनी हातावरची तूर झटकली. मग म्हणाले, हे निवडलं कुणी? उमाशंकर म्हणाला, ह्यानं. आप्पा मला म्हणाले, सांग मग, ह्यातला चांगला माल कोणता. मी लाल दोऱ्यावर बोट ठेवलं. आप्पांनी राहिलेल्या सातही बाटल्यांची बुचं काढायला लावली. हात मागं बांधून एकेकीवर वाकले. एक थेंब जिभेला नाही, बोटाला नाही. ही तापली. ही कुबट. ही तर मेली. लाल तिन्ही काढून टाकल्या, हिरवी एक काढली. तीन राहिल्या, दोन पिवळ्या, एक हिरवी. म्हणाले, ह्या राशीच्या तळाला असतील, फरशीला टेकून. ह्यांच्यात जीव हाय.
खरंच तळाच्या होत्या. काकूंनी वरून सांगितलं.
उमाशंकरनं हळूच विचारलं, आप्पा, मग ओपनिंग? आप्पा म्हणाले, मी तिथं पाय ठेवणार न्हाई. पण आपल्या नावावर कुणाच्या ताटात खराब माल गेला, तर तूही घरात पाय ठेवू नको.
मग हातपाय धुऊन पुन्हा भस्म लावलं आणि सौदा सुरू केला. दुसऱ्या राशीचा.
काकू वरून खाली आल्या नाहीत. रात्री ताट आलं, पण उमाशंकरच्या हातानं.

३० एप्रिल.
तीनच बाटल्या. नवीन खोकं मागवावं म्हणून आदिनाथला फोन. म्हणाला, चार दिवस मीच सांगायला फोन करून राहिलो होतो की ऊन वाढलंय, बाटल्या सांभाळ. आता माल संपला.
उमाशंकरनं तिन्हींची बुचं गच्च बसवून बर्फाच्या खोक्यात ठेवल्यात. खोक्याची किल्ली त्याच्याकडं. मॅनेजरकडं नाही. विश्वासाचा प्रश्न आहे, पण मी मोठ्या मनानं सोडला.
नाकारलेल्या चार माझ्याकडं ठेवल्या. आप्पांबद्दल आदर आहे. पण तुरीचा माणूस. वाईनमध्ये दोषालाही सौंदर्य असतं, हे तुरीत नसतं.

३ मे, शनिवार. संध्याकाळी ५.
ओपनिंग. कडक इस्त्री. उमाशंकर म्हणाला, आप्पांनी पास केलेल्या तीनच वाढायच्या, माणशी थोडी-थोडी, पुरते. फ्रिज आला, तिथं ठेवल्या. मी हो म्हणालो.
पण प्लॅन माझा वेगळा. सरळ चांगली वाईन दिली तर माझं काम काय दिसणार? आधी नाकारलेली लाल वाढायची, तिच्यातला गोठा समजावून सांगायचा, लोकांची समज वाढवायची. मग शेवटी त्या तीन. आज लातूरला कळेल.

४ मे, रविवार. दुपारी. हदगावच्या एसटीत.
काल रात्रीची नोंद राहिली. तपशिलात जात नाही.
थोडं जातो.
पहिल्या टेबलावर डॉक्टर लुंबिनी मॅडम आणि त्यांचे मिस्टर. मॅडम वाईन समजणाऱ्या, केपटाऊनच्या वायनऱ्या फिरून आलेल्या. मी ग्लासात लाल ओतली आणि सांगितलं, आधी म्हैस येईल, मग चामडं, शेवटी पिकलेलं जांभूळ. त्यांनी वास घेतला. ग्लास खाली ठेवला. म्हणाल्या, म्हैस आली. ती गेल्यावर सांगा.
मी म्हणालो, हे मुद्दाम आहे मॅडम, नॅचरल वाईन अशीच जिवंत असते. त्या म्हणाल्या, जिवंत नाही हो, व्हिनेगर झालीये. मुद्दाम केली असेल तर कोशिंबिरीत घाला.
मागच्या टेबलावरचे हसले. एकानं ग्लासमधली वाईन कुंडीत ओतली. मी दुसरी नाकारलेली उघडायला घेतली तेव्हा उमाशंकरनं मनगट धरलं. इतकं घट्ट पहिल्या वर्षी रॅगिंगमध्येसुद्धा कुणी धरलं नव्हतं. सगळे ग्लास त्यानं स्वतः उचलले. नवीन ग्लास मांडले. फ्रिजमधून त्या तीन काढल्या आणि एकेका टेबलावर स्वतः ओतल्या. वर्णन नाही, जांभूळ नाही, चामडं नाही.
मग मॅडमनी ग्लास पुढं केला, अजून थोडी आहे का? मिस्टरांनीही. बाकीच्यांनीही. संपली तेव्हा लोक रिकाम्या बाटल्या हातात घेऊन दोरे बघत होते.
मॅडमनी विचारलं, ही कुणी निवडली?
मी एक पाऊल पुढं झालो. म्हणालो, मी.
उमाशंकर म्हणाला, माझ्या वडिलांनी. ते पीत न्हाईत.
हे त्यानं ओरडून सांगितलं असतं तर चाललं असतं. हळू म्हणाला, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.
सगळे गेल्यावर म्हणाला, आनंद्या, आप्पांचा शब्द तुला माहीत होता. तरी तू तेच वाढलंस. मी म्हणालो, लोकांची समज वाढवायची होती. तो म्हणाला, माझं घर जात होतं बे. वरच्या खोलीचं विचारायचं होतं, पण वेळ बरी वाटली नाही.
सकाळी निघताना काकूंच्या पाया पडायला गेलो. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, एवढं आहे. म्हणाल्या, चमचा घेऊन आले होते तेव्हा हात धरलास, ते बरं केलंस. पण तोंड उघडून सांगितलं असतं तरी चाललं असतं की रे आनंदा. मी रागवले असते, खाऊ घातलं असतं, सोडलं असतं.
उत्तर तयार होतं. दिलं नाही. बस सुटत होती. (बसला अजून पाऊण तास होता.)
स्टँडवर उमाशंकरचा मेसेज: मॅनेजर ठेवणार नाही. आदिनाथ पुढच्या हंगामात माल थेट पाठवणार, प्रत्येक खोक्यातली एक बाटली उघडून आधी आडतीत. आप्पा म्हणाले, हॉटेलात पाय ठेवणार न्हाई, पण नाकाला काय, ते माझ्या जागेवर बसून राहील.
वाईट वाटून घेत नाही. मुळात तो प्रोजेक्ट माझ्यामुळं सुरू झाला.

५ मे, सोमवार. हदगाव. सकाळी ११.
भाऊजींनी दुकानाची किल्ली दिली आणि बँकेत गेले. ताई ड्युटीला जाताना म्हणाली, कुणाला काही शिकवू नको. फक्त विचारलं ते सांग.
काउंटर पुसला. नवीन आयुष्य.
साडेदहाला पहिलं गिऱ्हाईक. धोतरवाले आजोबा. कपाशीच्या बियाण्याची दोन पाकिटं समोर धरली आणि म्हणाले, बाबू, काळ्या जमिनीला ह्यातलं कोणतं बरं?
पाकिटं हातात घेतली. फिरवली. नाकाजवळ न्यायला हात उठला होता, तो खाली घेतला. आजोबा माझ्या तोंडाकडं बघत होते.
म्हणालो, आजोबा, मला माहीत न्हाई.
आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं.